मॉरिसन्स जिग: एका आयरिश धुनेचं मूळ आणि तिची वेगवेगळी रूपं

मॉरिसन्स जिग नावाची एक आयरिश धून आहे. फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, आयरिश संगीत शिकायला घेतलं की सुरुवातीच्या काही धुनांमध्ये ती जवळपास ठरलेलीच, आणि यूट्यूबवर नाव टाकलं की फिडल, बासरी, हार्प, गिटार, सगळ्यावरची ढिगाने व्हर्जन्स समोर येतात. हे मॉरिसन म्हणजे जेम्स मॉरिसन, आयर्लंडच्या स्लायगो काउंटीतले फिडलवादक, जन्म १८९३ चा. पण ही धून त्यांनी रचलेली नाही. त्यांनी ती कोणाकडून घेतली ते माहीत आहे, ज्याच्याकडून घेतली त्याला ती कोणाकडून मिळाली तेही माहीत आहे, आणि त्याच्या मागे गेलं की रस्ता धुक्यात जातो. आयरिश पारंपरिक संगीतात मूळ शोधायला गेलं की बहुतेक वेळा असंच होतं, म्हणून एकच धून हातात धरून ते नीट बघूया, कारण सगळं एकदम सांगायला गेलो तर नुसती नावांची यादी होईल.

आधी जिग म्हणजे काय ते. जिग हा नाचाचा प्रकार आणि त्या नाचासाठी वाजवायच्या धुनेचाही प्रकार. मॉरिसन्स ही त्यातली डबल जिग, म्हणजे सहा-आठच्या तालातली, एका आवर्तनात सहा छोटे स्वर, तीन आणि तीन असे बांधलेले. आपल्याला मोजायला सोपं, दादऱ्याच्या सहा मात्रा जशा तीन-तीनच्या असतात तशाच, फक्त चाल बरीच वेगवान आणि तिनातल्या पहिल्या स्वरावर जोर, मधला स्वर हलका, तिसरा पुढच्या ठोक्याकडे ढकलणारा, त्यामुळे ऐकताना सहा मात्रा न जाणवता दोन पावलं जाणवतात. नाचणाऱ्याला ती दोन पावलंच हवी असतात. याशिवाय सिंगल जिग असते, तिच्यात तीन छोट्या स्वरांऐवजी एक लांब आणि एक छोटा अशी जोडी जास्त येते, आणि स्लिप जिग असते ती नऊ-आठची, तीन-तीन-तीन. तेवढं पुरे.

रचना साधी असते. आठ आवर्तनांचा पहिला भाग दोनदा, मग आठ आवर्तनांचा दुसरा भाग दोनदा, अशी बत्तीस आवर्तनं झाली की धून एकदा पूर्ण झाली. नेहमीच्या वेगात याला साधारण अर्धं मिनिट लागतं. मग तीच धून पुन्हा, बहुतेक वेळा तीनदा, आणि न थांबता लगेच पुढची धून. या अर्ध्या मिनिटाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे रेकॉर्डच्या गोष्टीत तो कामाला येणार आहे.

आता खुद्द धून. ती ई या स्वरावर बेतलेली आहे, त्या ई ला आपण सा धरूया, म्हणजे आपल्या कानाला पटकन कळेल. स्वर येतात ते सा, शुद्ध रे, कोमल ग, शुद्ध म, प, शुद्ध ध, कोमल नी, म्हणजे स्वर काफी थाटाचे, तिकडे याला डोरियन मोड म्हणतात. राग वगैरे काही नाही, चलन नाही, फक्त स्वर तेच. पहिल्या भागाची सुरुवात अशी:

सा – – प – –
सा प सा म रे नी (नी खालचा)
सा – – प – –
नी ध प म रे नी (पहिला नी वरचा, शेवटचा खालचा)

बघा, सुरुवातच सा वरून थेट पंचमावर उडी मारून होते आणि तीन-तीन मात्रा थांबते. बाकीच्या बऱ्याच जिगा पहिल्या क्षणापासून धावत सुटतात, ही आधी दोन खांब रोवते आणि मग धावते. आणि पहिला भाग संपतो कुठे? सा वर नाही, खालच्या नी वर. शेवटचं आवर्तन नी म ग रे सा आणि खालचा नी, आणि त्या नी वरून परत सा वर, म्हणजे पुन्हा सुरुवात. धून संपतच नाही, गोल फिरते. नाचाच्या संगीताला ही गोष्ट फार उपयोगाची, कारण नाचणारे थकेपर्यंत वाजवायचं असतं.

दुसरा भाग वर चढतो: प सां सां रें सां सां, मं सां सां रें सां सां (डोक्यावर टिंब म्हणजे वरच्या सप्तकातला स्वर). वरचा सा मध्ये खुंटीसारखा पक्का आणि बाजूचे स्वर बदलत राहतात. फिडलवर हात ठेवला की हे असं का ते उलगडतं. फिडल म्हणजे व्हायोलिनच, वाद्य तेच, वाजवायची पद्धत वेगळी. तिच्या चार तारा जी, डी, ए, ई. आपला सा येतो डी तारेवर पहिल्या बोटाने, आणि पंचम येतो शेजारच्या ए तारेवर त्याच पहिल्या बोटाने, म्हणजे एकच बोट दोन तारांवर आडवं टेकवलं की सा आणि प दोन्ही तयार, फक्त गज इकडून तिकडे कलवायचा. दुसऱ्या भागातला तो पक्का सां म्हणजे मोकळी ई तार, बोटच लागत नाही. त्यामुळे नवशिक्याला ही धून पटकन हाताशी येते आणि मुरलेल्या वादकाला त्या मोकळ्या तारेचा घुमारा मिळतो. गंमत म्हणजे सगळी धून खालच्या डी च्या खाली जात नाही, आणि डी हा टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी), लाकडी बासरी आणि आयरिश पाइप्स (भात्याने हवा भरून वाजवायचं वाद्य) या तिन्हींवरचा सगळ्यात खालचा स्वर, म्हणून ती त्यांच्यावरही न मोडता बसते. ती इतकी पसरली त्यामागे नुसती प्रसिद्धी नाही, हेही एक ठोस कारण आहे असं मला वाटतं.

तर मूळ. जेम्स मॉरिसन रिव्हर्सटाउनजवळच्या ड्रमफिनचे. तरुणपणी गेलिक लीग या आयरिश भाषा आणि संस्कृती जपणाऱ्या संस्थेसाठी ते नाच शिकवायचे, म्हणजे पायांची चाल आतून माहीत असलेला माणूस. १९१५ मध्ये अमेरिकेला गेले, आधी बॉस्टन, मग न्यूयॉर्क, आणि १९१८ च्या न्यूयॉर्कच्या स्पर्धेत फिडलवर पहिले आले. पुढे त्यांनी तिथे इतक्या जणांना शिकवलं की लोक त्यांना प्रोफेसर म्हणायला लागले. फिडलच नव्हे, १९३१ साली त्यांनी अ‍ॅकॉर्डियन आयरिश पद्धतीने कसं वाजवायचं याचं पुस्तकही काढलं.

त्यांच्याबरोबर वाजवणारे एक अ‍ॅकॉर्डियनवादक होते, टॉम कार्मडी, केरी काउंटीचे. केरी म्हणजे आयर्लंडचा नैऋत्य कोपरा, स्लायगोपासून खूप लांब, आणि तिथल्या धुनांचा साठाही वेगळा. ही जिग कार्मडींकडे त्यांच्या वडिलांकडून आलेली. वडिलांचं नाव मॉरिस कार्मडी, आणि ते या धुनेला 'द स्टिक अक्रॉस द हॉब' म्हणायचे, हॉब म्हणजे शेगडीच्या बाजूचा भांडी ठेवायचा कट्टा आणि त्यावर आडवी पडलेली काठी. मॉरिसननी ती टॉमकडून उचलली आणि १९३६ मध्ये न्यूयॉर्कला रेकॉर्ड केली. रेकॉर्डवर नाव काय दिलं? 'मॉरिस कार्मडीज फेव्हरिट'. म्हणजे खुद्द मॉरिसननी प्रामाणिकपणे, ज्यांच्या घरातून धून आली त्यांचं नाव लावलं होतं. लोकांनी मात्र रेकॉर्ड ऐकून म्हणायला सुरुवात केली, ती मॉरिसनची जिग, आणि तेच चिकटलं.

मला इथे कार्मडी बापलेकांबद्दल खरंच वाईट वाटतं. ज्या माणसाने धून जपली त्याचं नाव लेबलवर छापलेलं असूनही पुसलं गेलं. पण हेही समजून घ्यायला हवं की या संगीतात नावं अशीच पडतात. वादक धून कानाने शिकतो, नाव विचारायचं राहून जातं, मग दुसऱ्याने विचारलं की ज्याच्याकडून ऐकली त्याचं नाव सांगतो. 'अमक्याची आवडती', 'तमक्याची जिग'. छापील संग्रहांत नाव नसलेल्या धुनांपुढे 'गान आन्यम' असं आयरिश भाषेत लिहितात, म्हणजे बिननावाची. त्यामुळे एका धुनेला पाच-सहा नावं आणि एका नावाखाली तीन-चार वेगळ्या धुना हे इथे रोजचं आहे. मॉरिसन्स नावानेच एक-दोन रील (चार-चारच्या तालातल्या नाचाच्या धुना) सुद्धा वाजवल्या जातात ज्यांचा या जिगशी काही संबंध नाही. म्हणून कोणाशी धुनेबद्दल बोलायचं असेल तर नाव सांगून भागत नाही, पहिली दोन आवर्तनं गुणगुणून दाखवावी लागतात.

मॉरिस कार्मडींच्या मागे काय? धून घडवणारा कोणी एक होता का, की आधीच्या दोन-तीन धुनांतून ती हळूहळू घडत गेली, याला कागदोपत्री पुरावा नाही. पण ज्या जगातून ती आली त्या जगाबद्दल बरंच माहीत आहे. अठराव्या शतकात आयर्लंडच्या खेड्यांत फिरते नृत्यशिक्षक असायचे. आर्थर यंग नावाच्या इंग्रज प्रवाशाने १७८० मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय की हे शिक्षक झोपडी-झोपडीने फिरतात, बरोबर एक पाइप्सवाला किंवा आंधळा फिडलवाला असतो आणि फी तिमाहीला सहा पेनी. म्हणजे गरिबातल्या गरीब माणसाची पोरंसुद्धा नाच शिकत होती आणि त्या नाचासाठी धुना लागत होत्या, भरपूर लागत होत्या. आज वाजणाऱ्या डबल जिगांपैकी मोठा वाटा अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातला धरला जातो तो या नाचाच्या भुकेमुळेच. मग १८४५ नंतरचा बटाट्याचा दुष्काळ आला, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली आणि पुढची कित्येक दशकं जातच राहिली. धुना बोटीतून त्यांच्याबरोबर गेल्या.

म्हणून आयरिश संगीताचे दोन मोठे साठे अमेरिकेत तयार झाले यात नवल नाही. पहिला शिकागोत. कॉर्क काउंटीत जन्मलेले फ्रान्सिस ओनील तिथे पोलिसात भरती झाले आणि १९०१ ते १९०५ पोलिसप्रमुख होते. त्यांनी शहरातल्या आयरिश वादकांकडून धुना गोळा केल्या, त्यांना स्वतःला स्वरलेखन फारसं जमत नव्हतं म्हणून पोलिसातलेच जेम्स ओनील ऐकून लिहून घ्यायचे, आणि १९०३ मध्ये १८५० धुनांचा संग्रह निघाला, १९०७ मध्ये नाचाच्या १००१ धुनांचा. अनेक वादकांच्या घरी हे १९०७ चं पुस्तक म्हणजे 'द बुक', दुसरं नाव घ्यायची गरजच नाही. पण लिहिलेल्या धुनेचा एक घोळ असतो. ओनीलनी जे ऐकलं ते एका वादकाचं एका दिवशीचं वाजवणं होतं, छापल्यावर मात्र ते प्रमाण वाटायला लागतं.

दुसरा साठा न्यूयॉर्कच्या रेकॉर्डिंगचा. तिथे एलन ओबर्न नावाच्या बाई दुकान चालवायच्या, गिऱ्हाईक आयरिश संगीताच्या रेकॉर्ड मागायचं आणि नाचाच्या खऱ्याखुऱ्या संगीताच्या अशा रेकॉर्ड मिळायच्याच नाहीत, म्हणून त्यांनी १९१६ मध्ये कोलंबिया कंपनीला गळ घातली, पाचशे प्रती मी स्वतः विकत घेते म्हणाल्या, आणि एक अ‍ॅकॉर्डियनवाला आणि एक बँजोवाला शोधून दिला. प्रती हातोहात संपल्या. कंपन्यांना कळलं की स्थलांतरितांच्या खिशात पैसे आहेत आणि त्यांना घरचं संगीत हवंय. पुढच्या वीस वर्षांत मायकेल कोलमन, जेम्स मॉरिसन, पॅडी किलोरन या तिघांनी, तिघेही दक्षिण स्लायगोतले, अक्षरशः फिडलचा नकाशा बदलून टाकला.

आणि इथे ते अर्धं मिनिट कामाला येतं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावतात. गावात एक धून नाचणारे दमेपर्यंत वाजवता यायची, इथे तसं करून चालणार नाही, ऐकणारा कंटाळेल, म्हणून दोन धुना जोडायच्या, प्रत्येक दोन-तीनदा, आणि थांबायचं. आज सेशनमध्ये, म्हणजे वादक एकत्र बसून वाजवतात त्या बैठकीत, दोन-तीन धुनांचा सेट वाजवायची जी सवय आहे तिला या तीन मिनिटांच्या मर्यादेने मोठा हातभार लावला. कोलमननी १९३४ मध्ये टारबोल्टन, लाँगफर्ड कलेक्टर आणि सेलर्स बॉनेट अशा तीन रील एकामागे एक वाजवल्या, त्या आजही जगात कुठेही त्याच क्रमाने वाजतात, पहिली सुरू झाली की पुढच्या दोन कोणी सांगावं लागत नाही.

या रेकॉर्ड टपालाने, बोटीने आयर्लंडला नातेवाइकांकडे यायला लागल्या. घरात ग्रामोफोन असेल तिथे शेजारीपाजारी जमायचे. आणि ऐकणाऱ्या खेड्यातल्या फिडलवाल्याला वाटायला लागलं की हे न्यूयॉर्कचं वाजवणं बरोबर आणि आपलं ते चुकीचं. स्लायगोची उसळती, अलंकारांनी भरलेली, गजावर स्वर बांधत जाणारी शैली सगळीकडे गेली आणि कित्येक ठिकाणच्या स्थानिक लकबी मागे पडल्या. वर १९३५ मध्ये आयर्लंडात कायदा आला, सार्वजनिक नाचाला परवाना लागेल म्हणून, आणि त्याचा वापर घराघरातले, चौकातले नाच बंद पाडायलाही झाला. मॉरिसनची रेकॉर्ड १९३६ ची. म्हणजे मायदेशात नाचाची जागा आकसत होती नेमकं तेव्हा ही धून परदेशातून रेकॉर्डच्या रूपात परत येत होती. केरीतल्या एका घरातून निघून न्यूयॉर्क, स्लायगोच्या माणसाच्या हातून नवा घाट, आणि मग परत साऱ्या आयर्लंडभर. धुनेचं मूळ सांगायचं तर मला हा प्रवासच खरा वाटतो. कोणी रचली हे कधी सापडलं तर आनंदच आहे, पण आज आपण जी ऐकतो तिला आकार दिला तो या फेरीने.

आता व्हेरिएशन्स, म्हणजे एकाच धुनेची वेगवेगळी रूपं. आपल्याकडे एकच बंदिश दोन घराण्यांत ऐकली तर शब्द तेच, सम तीच, पण मधल्या जागा वेगळ्या, तसंच इथे आहे, आणि तिकडे यासाठी शब्द आहे सेटिंग. अमक्याचं सेटिंग, तमक्या गावचं सेटिंग.

पहिली जागा म्हणजे ते सुरुवातीचे दोन खांब, सा – – प – –. कोणी ते नुसते लांब धरतो. कोणी सा वर रोल घेतो. रोल म्हणजे एका लांब स्वराच्या जागी पाच झटपट स्वर, मूळ स्वर, वरचा एक टिचकीसारखा, परत मूळ, खालचा एक, परत मूळ, आणि हे सगळं त्या तीन मात्रांतच, ताल जराही न हलता. तो वरचा स्वर आपल्या कणस्वरासारखा ऐकू येतो पण त्याचं काम वेगळं आहे, तो स्वर म्हणून ऐकवायचाच नसतो, तो एक ठोका असतो, बोटाने तार छेदल्यासारखा. कोणी सा – – च्या ऐवजी सा नी सा घेतो, खालचा नी चाटून परत. कोणी सा प प, सा प प असं तोडून टाकतो, मग खांब दिसेनासे होतात आणि धून पहिल्यापासूनच धावायला लागते. मला स्वतःला पहिल्या फेरीत लांब स्वर आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत रोल असं ऐकायला आवडतं, आधी घर दाखवा मग सजावट दाखवा.

दुसरी जागा चौथं आवर्तन, नी ध प म रे नी. या धुनेत धैवत फारच कमी येतो. पहिल्या भागात तर याच एका ठिकाणी, तेही घाईत. मग तो शुद्ध की कोमल? बहुतेक जण शुद्ध घेतात, काही जण कोमलकडे झुकतात, काही जण तो टाळूनच टाकतात, नी प नी म रे नी असं काहीतरी करून. एका स्वराने एवढं काय होतं असं वाटेल, पण शुद्ध धैवताने धून मोकळी, थोडी करारी वाटते आणि कोमल धैवताने एकदम उदास. गिटार किंवा बुझुकीवर (मूळचं ग्रीक, लांब मानेचं तंतुवाद्य) साथ करणाऱ्याला तर इथे ठरवावंच लागतं, कारण त्याने कोमल धैवत असलेली कॉर्ड (एकदम वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ) लावली आणि फिडलवाल्याने शुद्ध घेतला की ते कानाला लगेच टोचतं. खरं तर साथीच्या कॉर्ड ही या संगीतात अगदी अलीकडची गोष्ट, जुन्या काळी फिडल एकटीच वाजायची आणि हा प्रश्नच नव्हता. बुझुकी तर आयर्लंडात १९६० च्या दशकात आली.

तिसरी जागा दुसरा भाग. बऱ्याच जणांच्या वाजवण्यात तो दुसऱ्यांदा येताना जसाच्या तसा येत नाही, सुरुवात तीच पण उतरणं वेगळं, म्हणून स्वरलेखनात तो सोळा आवर्तनांचा लिहिलेला दिसतो. काही ठिकाणी मात्र आठच आवर्तनं दोनदा. कुठलं बरोबर असं विचारण्यात अर्थ नाही, पण ज्या गटात बसून वाजवायचं तिथे कुठलं चालतं ते आधी ऐकून घ्यावं, नाहीतर अर्धे एकीकडे आणि अर्धे दुसरीकडे उतरतात.

चौथी जागा कानाला पटकन कळत नाही, ती गजाची. सहा स्वर सहा वेगळ्या गजांनी वाजवले, खाली-वर-खाली, वर-खाली-वर, तर पहिला ठोका खालच्या गजावर पडतो आणि दुसरा वरच्या. खालच्या गजाला जात्याच वजन जास्त, मग ठोके असमान वाटतात. म्हणून पुष्कळ जण तिनातले दोन स्वर एका गजात बांधतात आणि तिसरा सुटा घेतात, म्हणजे प्रत्येक तिनाला दोन गज, आणि प्रत्येक ठोका खालच्या गजावर. पण हेच सतत केलं तर शिवणयंत्र सुरू आहे असं वाटायला लागतं, म्हणून मुरलेले वादक बांधणी मधूनच पलटवतात, ठोक्याच्या आधीचा स्वर ठोक्याच्या स्वराशी बांधून टाकतात आणि जोर थोडा आधीच येतो. आयरिश फिडलमधली ती झोक्याची मजा इथून येते, अलंकारांतून नाही. शिकणारे रोलच्या मागे लागतात आणि गज तसाच राहतो, हे बघून फार हळहळ वाटते.

प्रांताप्रांतात हे सगळं वेगळं. उत्तरेला डोनेगलमध्ये स्कॉटलंडचा शेजार, तिथे सुटे गज जास्त आणि गजानेच मारलेले तीन झटके, रोल कमी. पूर्व क्लेअरमध्ये वेग कमी आणि स्वर सावकाश, तिथल्या मार्टिन हेज या फिडलवादकाचं वाजवणं ऐकलं तर जिग म्हणजे धावणंच पाहिजे हा समज गळून पडतो. कॉर्क आणि केरीच्या सीमेवरच्या स्लीव्ह लुआक्रा भागात पोल्का आणि स्लाइड या दुसऱ्या नाचाच्या धुनांचं राज्य, तिथे पॅड्रिग ओकीफ नावाचे मास्तर होऊन गेले, १८८७ ते १९६३, शाळेची नोकरी सुटल्यावर गावोगाव चालत जाऊन फिडल शिकवायचे आणि धुना स्वतःच्या एका लिपीत लिहून द्यायचे, चार रकाने म्हणजे चार तारा आणि त्यात बोटांचे आकडे. मॉरिसन्स जिग केरीतच राहिली असती तर तिचं आजचं रूप कसं असतं याचा विचार मनात येतोच.

दोन धुना शेजारी ठेवल्या की चित्र अजून स्पष्ट होतं. 'आयरिश वॉशरवुमन' ही बहुतेक जगातली सगळ्यात ओळखीची जिग, आणि तिचा माग कागदावर काढायचा प्रयत्न झालाय. इंग्लंडात जॉन प्लेफर्डने १६५१ मध्ये छापलेल्या नृत्याच्या पुस्तकात 'डार्गासन' नावाची धून आहे आणि काही अभ्यासक या दोघींचं नातं लावतात. नातं लागतं ते सांगाड्याचं, अंगावरचं मांस वेगळंच, म्हणून इंग्लिश की आयरिश हा वाद मिटत नाही. दुसरी 'द बटरफ्लाय', स्लिप जिग. ती डब्लिनच्या टॉमी पॉट्स यांची, फायर ब्रिगेडमध्ये नोकरी करणारे विलक्षण फिडलवादक, १९१२ ते १९८८. त्यांनी जुन्या स्लिप जिगांच्या मालावरून ती घडवली असं मानलं जातं. म्हणजे विसाव्या शतकातली, कर्ता माहीत असलेली, आणि तरीही जुन्या तुकड्यांची. बॉथी बँड या आयरिश गटाने १९७५ मध्ये वाजवली आणि आता कित्येकांना ती शेकडो वर्षं जुनी वाटते. रचणं आणि बदलणं यातली रेघ या संगीतात किती पातळ आहे ते इथे दिसतं. मॉरिस कार्मडींच्या धुनेच्या मागेही असाच कोणी पॉट्स असू शकतो, किंवा तीन पिढ्यांतले दहा असू शकतात.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर आधी मॉरिसनची १९३६ ची रेकॉर्ड शोधा, खरखर आहे पण दोन-तीनदा ऐकली की कान खरखर बाजूला काढायला शिकतो. तिथे सा – – प – – कसा घेतलाय ते पकडा आणि बाकी काही लक्ष देऊ नका. मग कुठल्याही बासरीवाल्याची किंवा पाइप्सवाल्याची ऐका, तिथे गज नाही त्यामुळे ठोके श्वासाने आणि बोटांनी पाडलेले दिसतील. मग एखादी गिटारच्या साथीची ऐका आणि चौथ्या आवर्तनातल्या धैवताकडे कान ठेवा, शुद्ध आहे, कोमल आहे की गाळलाय. आणि ती कोणाला पाठवाल तेव्हा नावापुढे मॉरिस आणि टॉम कार्मडी हेही लिहा.